तळापर्यंत हात

सलीम, तुला मूठमाती देऊन मी हात झटकत होतो, तेवढ्यात एकाने माझ्या बाहीला धरून मला बाजूला घेतलं. मला वाटलं, धीर द्यायला आला असेल. डोक्यावरचा रुमालही त्याने अजून सोडला नव्हता. कानाशी तोंड आणून म्हणाला, "भाईनं कोनते शेअर घेऊन ठेवले होते? तुमाले तं मालूम असन." पलीकडे कब्रस्तानाच्या भिंतीला टेकून आणखी एक जण फोन बघत होता. दुपारची वेळ, बाजार चालू होता ना. त्याच्या अंगठ्याखाली आकडे लाल-हिरवे होत होते आणि चार पावलांवर तुझ्यावरची माती अजून ओली होती. मला शिसारी आली. थुंकणार होतो, पण जागा तुझी होती, म्हणून गिळलं.

घरी येऊन अंघोळ केली तरी ती शिसारी जाईना. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. बायको म्हणाली, दोस्त गेला, असं व्हायचंच. मी हो म्हणालो. पण दुःख मला ओळखता येतं, आईबापाला पोचवलंय मी. हे दुःखाच्या जोडीने आलेलं दुसरंच काही होतं, आणि ते त्या दोघांबद्दल नव्हतं, हे कळायला मला तिसरा दिवस उजाडावा लागला.

आपली गाठ पडली तीच भांडणाने. मी तेव्हा पोस्टाच्या बचतीचा एजंट, धामणगाव बढ्यात दारोदार फिरून दर महिन्याच्या ठेवी गोळा करायचो. तू मलकापूरच्या जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर. संध्याकाळी एसटीतून उतरायचास तेव्हा भुवयांना कापसाचे तंतू चिकटलेले असायचे, ऐन तिशीत म्हातारा दिसायचास. मी खातं उघड म्हणून मागे लागलो, तर तू म्हणालास, सूद आमच्यात हराम आहे. मीही काही कमी नव्हतो. म्हटलं, बँकेत खातं आहे ना तुझं, त्यावर व्याज पडतं त्याचं काय करतोस? तू मला एसटी स्टँडच्या मागे घेऊन गेलास आणि सार्वजनिक संडासाचं नवंकोरं दार दाखवलंस. नवी कडी, आत नवी फरशी. सुदाचा पैसा असाच बाहेर टाकायचा असतो म्हणालास, त्यात पुण्याची आशासुद्धा धरायची नाही. मी पोट धरून हसलो. म्हटलं, बँकेने व्याज वाढवलं तर गाव चकाचक होईल.

मग मीच तुला शेअरचं सांगितलं. तिथे व्याज नाही, भागीदारी आहे, नफ्यात वाटा आणि तोट्यातही वाटा. तू मौलानांना विचारून आलास, दारूची आणि सुदाच्या धंद्याची कंपनी वगळून बाकी चालेल असं कळलं. दुसऱ्याच दिवशी माझ्या दारात उभा. म्हणालास, चाल, कोणती कंपनी घ्यायची तिचं गोदाम दाखव. मी म्हटलं, अरे, गोदाम बघत नसतात, कागद बघतात. तुझा चेहरा मला अजून दिसतो. मी तुला बायको न बघता लग्न कर म्हटल्यासारखा.

"माल नाई पाहाचा? घ्याचं कसं मंग?"

तुझं काम मी त्याआधी पाहिलेलं होतं. कापसाने भरलेला मेटॅडोर फाटकात आला की तू मागून वर चढायचास, बाही खांद्यापर्यंत सारायचास आणि सबंध हात आत घालायचास, अगदी गाल कापसाला टेकेपर्यंत. वरचा कापूस सगळ्यांचाच पांढरा असतो, हे तुझं ठरलेलं वाक्य. तळातून मूठभर काढायचास, दोन अंगठ्यांत धागा ओढून बघायचास आणि मग त्यातली सरकी दाताखाली फोडायचास. कट्‌ वाजली तर माल सुका. नाही वाजली तर वजनासाठी पाणी मारलेलं. वरून कीर्तन, आतून तमाशा असलेले किती मेटॅडोर तू फाटकातून परत पाठवलेस. आणि शेतकऱ्याचा माल चांगला असेल तर मालकाशी भांडून त्याला वरचा भाव लावायला लावलास. म्हणून तर मलकापूरला माल नेण्याआधी लोक तुझ्या अंगणात बोचकं सोडून विचारायचे, भाई, काय म्हणते हा? तू सांगशील तो भाव घरी बसून ठरलेला असायचा.

तेच तू शेअरच्या बाबतीत केलंस. पाइप बनवणारी एक कंपनी मी सुचवली, तर मला मलकापूरहून गाडीत बसवून तिच्या कारखान्यासमोर घेऊन गेलास. चहाच्या टपरीवर दिवसभर बसलो. मी चिडलो होतो, तू मजेत होतास. फाटकातून बाहेर पडणारा प्रत्येक ट्रक बघत होतास, गतिरोधकावर उसळतो की दबून जातो. रिकामा उसळतो, भरलेला बसतो. संध्याकाळी म्हणालास, माल जातोय, घेऊ. घेतले. मीही घेतले, तुझी टिंगल करत घेतले. आज माझ्या घरावर जो स्लॅब आहे, तो त्या दबून गेलेल्या ट्रकांचा आहे. हे मी तुला कधी सांगितलं नाही. टिंगल मात्र पंधरा वर्षं करत राहिलो.

चुकलासही तू. अस्सल आपल्याकडच्या माणसाने चुकावं तसा चुकलास. त्या सूतगिरणीचा धागा तुला आवडला म्हणून तिचे शेअर घेतलेस आणि ते पडायला लागले तरी विकेनास. भाव येईल, भाव येईल. कापूस घरात भरून ठेवतात तसे तू शेअर भरून ठेवलेस. मी म्हणायचो, अरे, घरात ठेवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते, पोरंबाळं खाजवून हैराण होतात, हे तुला मी सांगायचं? तू म्हणायचास, खाज सुटली म्हणून कोणी कापूस जाळत नाही. यावर आपण किती भांडलो. मोताळ्याच्या बाजारात, एसटीत, तुझ्या पोराच्या लग्नाच्या पंगतीत. गिरणीला कुलूप लागलं तरी तुझं म्हणणं बदललं नाही. ते भांडण तसंच राहिलं, आणि खरं सांगू, मला ते जिंकायचं नव्हतं. चालू राहायला हवं होतं.

आता घाणीकडे येतो.

तुला ठाऊक आहे, गेल्या काही वर्षांत काय झालं. ज्याच्या-त्याच्या फोनमध्ये बाजार आला. पानठेल्यावर पोरं कंपनीचं नाव न घेता नुसते आकडे बोलायला लागली. संधी, संधी, संधी. सकाळी संधी, दुपारी संधी, जेवताना ताटाशेजारी संधी. पोस्टाच्या ठेवीत आता काय मिळतं म्हणून बाया माझ्याकडे बघून हसायला लागल्या. माझं कमिशन आटलं. तेवढ्यात मलकापूरच्या मंगल कार्यालयात ते सर आले. कोट घातलेले, घाम पुसायला वेगळा माणूस. मोठ्या पडद्यावर नफ्याची चित्रं, मागे लग्नातलं गाणं, मध्ये पुरी-भाजी आणि बुंदी. शिकवत होते ऑप्शन. आठवड्याच्या आत भाव वर जाईल की खाली, यावर पैसे लावायचे, आणि आठवडा संपला की तो माल मेला. याला ते गुंतवणूक म्हणत होते. मोबाइलवर ते ॲप उघडलं की पहिल्याच पडद्यावर लिहिलेलं असतं, यात बहुतेकांचं नुकसान होतं. सरांनी हसत-हसत सांगितलं, त्यावर बोट ठेवा आणि पुढे जा. सगळ्या सभागृहाने बोट ठेवलं. मीही ठेवलं. बुंदी खाल्लेलं बोट होतं ते, मला अजून त्याचा चिकटपणा जाणवतो.

मी तुला त्याबद्दल वरवर विचारलं होतं, आठवतं? तू बिडी विझवून म्हणालास, "आठ दिवसात मरनारा माल? तो माल नाही बे, बरफाची लादी हाय. सौदा होऊस्तोर पानी होते." मी म्हटलं, काळ बदललाय सलीम. तू म्हणालास, बदलू दे, तू नको जाऊ. मी जाणार नाही म्हणालो, आणि तोपर्यंत मी त्या सरांचा धामणगाव बढ्याचा माणूस झालेला होतो. शिकवणीला माणूस आणला की त्यामागे मला काही मिळायचं. तीस वर्षं ज्या दारांत मी पोस्टाचं पुस्तक घेऊन गेलो, त्याच दारांत हे घेऊन गेलो. दारं उघडी होती, कारण ती मी प्रामाणिकपणाने उघडलेली होती. त्याचीच मला आज सगळ्यात जास्त किळस येते.

सोपान गिरणीवाल्याकडे गेलो तेव्हा त्याच्या पिठाच्या गिरणीत नवा ओटा बांधून झाला होता. मिरची कांडायचं यंत्र आणायचं होतं त्याला, ओट्यात चार बोल्टही बसवून ठेवले होते. बायकोने आणि त्याने मिळून त्या यंत्रासाठी साठवलेलं होतं. मी म्हटलं, तीन आठवडे थांब, यंत्रही येईल आणि वर पैसे उरतील. तो विचार करत राहिला. त्याचा बाप तुझ्याशिवाय कुणाला कापूस दाखवत नसे. त्याने मला एकच विचारलं, सलीमभाई आहेत का यात?

मी होकारार्थी मान हलवली.

बोललो नाही, सलीम. तोंडाने खोटं बोललो नाही, याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं होतं. असला हलकट मनुष्य आहे मी. नुसती मान हलवली, आणि तू आयुष्यभर खांदा-खांदा कापसात घालून जे नाव कमावलंस ते खर्च करून टाकलं.

तीन आठवड्यांत त्याच्या यंत्राच्या पैशाचं पाणी झालं. सर फोन उचलेनात, मंगल कार्यालयात दुसऱ्या कुणाचं लग्न लागलं. सोपान माझ्याकडे आला नाही. माझ्याकडून त्याला अपेक्षाच नसावी. तो तुझ्याकडे गेला. तुझ्या अंगणात उभं राहून म्हणाला, भाई, तुम्ही होते म्हणून मी गेलो. हे मला तुझ्या पोराकडून, आसिफकडून नंतर कळलं, त्याने दारातून ऐकलेलं. तू काय म्हणालास तेही त्याने सांगितलं. तू म्हणालास, बैस, पाणी पी. बस. नाही म्हणाला नाहीस. मी नव्हतो म्हणाला नाहीस. एवढं एक वाक्य बोलला असतास तर तू सुटला असतास, आणि गावातल्या सगळ्या बायांनी पोस्टाची पुस्तकं माझ्या तोंडावर फेकली असती. ते तुला कळलं, म्हणून तू गिळलंस.

पुढच्या आठवडी बाजाराला मोताळ्यात तू मला चहाला बसवलंस. म्हणालास, सोपान आला होता. आणि माझ्याकडे बघत राहिलास. आता कळतं, तू तेव्हा थांबला होतास. मी म्हणालो, "मग?" तू कपातला चहा बशीत ओतलास, फुंकर घातलीस.

"काही नाही बे. चहा पी."

त्यानंतर तू माझ्याशी भांडला नाहीस. दोन वर्षं भेटत राहिलो, हसत राहिलो, तू माझ्या गुडघ्याची चौकशी करायचास. सूतगिरणीचा विषय मी मुद्दाम काढायचो, तू म्हणायचास, हो, तुझं बरोबर असेल. तुझं बरोबर असेल! मला कुणी चपलेने मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं. मी त्याला वय म्हटलं, तब्येत म्हटलं. तिकडे तुझ्या अंगणातली बोचकी कमी होत गेली. सोपानने कुणाला काही सांगितलं नसेल, पण गावात न सांगितलेलंच आधी पोचतं. या मोसमात तर मी पाहिलं, कापसाची वाहनं तुझ्या दारावरून सरळ मलकापूरकडे जात होती आणि तू ओसरीत बसून बघत होतास, कुठलं दबलंय, कुठलं उसळतंय.

परवा जनाजा मैदानात ठेवला. नमाजला रांगा लागल्या, आम्ही हिंदू मंडळी रुमाल बांधून बाजूला उभे होतो. आसिफ पुढे झाला आणि तुमच्यात जे विचारायची रीत आहे ते त्याने विचारलं. "अब्बा पर किसी का कुछ लेना-देना हो तो मेरे से बोलो. उनसे किसी का दिल दुखा हो तो अल्लाह के वास्ते माफ कर दो." आवाज फाटत होता त्याचा. मला तेव्हा बोलायचं होतं, सलीम. जीभ टाळ्याला चिकटली, असं लिहून मोकळा झालो असतो, पण खोटं ठरेल. जीभ चांगली मोकळी होती. मी आजूबाजूला बघत होतो, कोण-कोण आहे ते.

आणि आमच्या बाजूने सोपान बोलला. हात जोडून, खाली बघून.

"माह्याकडून माफ हाय भाई."

लोकांना ते रीतीचं वाटलं. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. ते काय होतं, हे मला एकट्याला कळलं. माझ्या डोळ्यांदेखत तुला माझ्या पापाची माफी मिळाली, आणि ती घेऊन तुला खाली उतरवलं. त्या शेअर विचारणाऱ्याची मला शिसारी आली म्हणालो ना? तो बिचारा निदान उघडं विचारत होता.

आज सकाळी सोपानच्या गिरणीत गेलो. पट्टा फिरत होता, ज्वारी दळत होती, तो पांढरा झालेला. बसा म्हणाला. बसायला तो ओटाच आहे. चार बोल्ट तसेच वर आलेले, गंजलेत. त्यांच्या मधे अंग चोरून बसलो आणि त्याला सांगितलं. सलीम त्यात नव्हता. त्याने मलाही जाऊ नको म्हटलं होतं. तू विचारलंस तेव्हा मी मान हलवली ती खोटी होती. तुझ्याकडून हे कळूनही त्याने माझं नाव घेतलं नाही.

सोपानने गिरणी बंद केली. पट्टा थांबेपर्यंत त्याकडे बघत राहिला. मग डोळ्यांवरचं पीठ उपरण्याने पुसलं. मला वाटलं, आता मारेल. मारावं, असंही वाटलं. पैशाचं तो काही बोललाच नाही.

"दोन वर्सं मी त्याईले सलाम नाही केला," तो म्हणाला. "समोरून यायचे, हात वर करायचे. मी मान फिरवून घ्यायचो."

मी माफी मागायला लागलो. त्याने हाताने थांबवलं.

"तुमचं मंग पाहू. माह्या माफीचं काय? ते मले आता कोन देईन?"

यावर तुला तरी काय सुचलं असतं? चहा पी म्हणाला असतास. मला तेही म्हणता आलं नाही.

दळण अर्धं टाकून सोपान गिरणीतून बाहेर पडला, तसाच, पीठ भरलेल्या अंगाने. मी मागे-मागे गेलो. स्टँडच्या मागून, तुझ्या त्या संडासाच्या दारावरून आम्ही कब्रस्तानापाशी आलो. फाटकात तो वळला आणि माझ्या छातीसमोर हात धरला. म्हणाला, "तुमी भायेरच थांबा."

आत जाऊन तो तुझ्या उशाशी उभा राहिला. भिंतीवरून मला त्याची पाठ दिसत होती. मग त्याचा पांढरा हात वर गेला, कपाळापर्यंत, आणि तिथेच राहिला.

मी बाहेर थांबलो, सलीम.